वय वर्षे अडुसष्ट

सर्जनबाईंनी चिमट्याने टाचेच्या जखमेतून खडूच्या तुकड्यासारखं काहीतरी उचललं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टाकलं. टण्ण असा आवाज झाला. माणसाच्या अंगातून निघालेली वस्तू अशी वाजावी याचं ताईला नवल वाटलं. तिने नजर भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचनांकडे वळवली आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

"दुखतंय का?" सर्जनबाईंनी विचारलं.

"दुखतंय, पण ओळखीचं दुखणं आहे," टेबलावर पालथी पडलेली चिमणी म्हणाली. "नवीन काही करणार असाल तर आधी सांगा."

तिचा आवाज बारीक होता, फटीतून वारा यावा तसा. लहानपणी दिवसभर चिवचिवाट करायची म्हणून तिला घरात चिमणी म्हणत. विशी उलटल्यावर आवाजच असा झाला आणि नाव नव्याने चिकटलं. त्याच सुमारास केस पांढरे झाले. तिशीत दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढावे लागले. हातपाय काटकुळे होत गेले, घोट्यांवरची कातडी हाडाला चिकटून ताणली गेली. तरुणपणी एका डॉक्टरांनी 'रक्तातलाच दोष आहे, इलाज नाही' असं सांगितल्यावर घरच्यांनी विचारणंच सोडून दिलं होतं. आता टेबलावर पडलेली ती बाई कुणाच्याही डोळ्यांना म्हातारीच दिसली असती.

सर्जनबाईंनी हातमोजे काढले, खुर्चीत बसल्या आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"इथे ओळखपत्रावरून वय लागलंय एकोणचाळीस. आणि तुम्ही आणलेल्या जुन्या कागदांवर, दोन वर्षांच्या एकूण एक पानावर, वय वर्षे अडुसष्ट. खरं कोणतं?"

ताईने पर्सची चेन उघडली. आत काही शोधायचं नव्हतं. तिने ती पुन्हा लावली.

"एकोणचाळीस," चिमणी म्हणाली. "अडुसष्ट मीच सांगितलं होतं. बायका वय कमी करून सांगतात, म्हटलं आपण वाढवून बघू. तेवढंच लोक म्हणतील, वयाच्या मानाने बरी दिसते."

सहायक डॉक्टर हसले. सर्जनबाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत.

"या थट्टेत तुमचा पाय सापडला," त्या म्हणाल्या. "अडुसष्ट वर्षांची बाई, साखर वाढलेली, टाचेला जखम. कोणताही डॉक्टर मलमपट्टी करेल, पाय उंच ठेवा म्हणेल आणि वाट बघेल. त्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. पण हीच कातडी, हेच केस सदतीस वर्षांच्या बाईचे आहेत हे कळलं असतं, तर त्यांनी तेव्हाच कुठे तरी पाठवलं असतं. हा आजार आहे. फार थोड्यांना होतो. विशीनंतर शरीर घाईने म्हातारं व्हायला लागतं. अशा कातडीवरची जखम नुसत्या मलमाने भरत नाही, कारण खाली हे खडे साठतात आणि आतून टोचत राहतात. आई-वडील नात्यातले होते का?"

"मामे-आतेभावंडं," ताई म्हणाली. खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"आणि तुम्ही यांच्या...?"

"बहीण."

सर्जनबाईंनी तसं लिहून घेतलं. मग त्यांनी पायाचा फोटो उजेडापुढे धरला आणि पेनच्या टोकाने दाखवलं. जखम आता टाचेच्या हाडापर्यंत पोचली होती. दोन वाटा होत्या. एक, गुडघ्याखाली पाय काढून टाकायचा. दुसरी लांबची. मेलेलं मांस, खडे आणि हाडाचा सडलेला पापुद्रा खरवडून काढायचा, त्या खड्ड्यावर कृत्रिम कातडीचा थर बसवायचा, तीन आठवडे थांबायचं, खाली रक्त खेळायला लागलं तर अंगावरचीच पातळ कातडी काढून वर लावायची. लागेलच याची खात्री नाही. नाही लागली, तर पुन्हा पहिली वाट.

"लांबची," चिमणी उशीतूनच म्हणाली. "मला घाई नाही. घाई शरीराला आहे."

परतीच्या रिक्षात घराच्या वळणावर ताई म्हणाली, "तू कशाला तसं सांगितलंस?"

"कसं?"

"वयाचं."

"मग काय सांगणार होते? त्यांना तुझी फाइल कशाला उघडायला लावायची? माझीच एवढी जाड आहे." चिमणीने कुबडी हातात घेतली. "उतर आधी. मला उतरवायचंय."

ताई टपालखात्यात होती. तीन वर्षांपूर्वी तिची या गावात बदली झाली. जुन्या गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते ठाऊक असणं रस्त्याने चालताना पाठीला टोचायचं. एक स्थळ बोलणी होत आलेली असताना फिरलं. 'धाकटीचं असं, मग मोठीचं कधी सुरू होईल कुणी सांगावं,' असं मुलाकडच्यांनी निरोप्याला सांगितलं आणि निरोप्याने ते जसंच्या तसं आणून पोचवलं. त्यानंतर ताईने लग्नाचा विषय काढू दिला नाही. घरात आई होती, मग आईही गेली आणि दोघीच उरल्या. बदलीचा कागद हातात आला तेव्हा ताईला वाटलं, निदान नव्या गावात कोऱ्या पाटीवर लिहिता येईल.

सामान चढवायच्या दिवशी समोरच्या दारातल्या काकू जिन्यात आल्या. चिमणी कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. काकू कौतुकाने म्हणाल्या, "आईला सोबत आणलंत? बरं केलंत हो. आजकाल कोण आणतं?"

ताईच्या दोन्ही हातांत खोकं होतं. तिची मान हलली. नुसती हलली. नाही म्हणायला आठ-दहा वाक्यं लागली असती, आणि हो म्हणायला एकही लागलं नाही. वर पोचल्यावर तिने खोकं खाली ठेवलं आणि वळून पाहिलं. चिमणी दारात दम घेत उभी होती. तिने ऐकलं होतं. तिने ताईकडे पाहिलं आणि म्हणाली, "पंखा कुठल्या खोक्यात आहे?"

एवढंच. त्या दिवसापासून त्या इमारतीत चिमणी 'आजी' झाली.

पुढे वर्षभराने टाचेला साधी भेग पडली, ती चिघळली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात काकूच घेऊन गेल्या, डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. म्हातारे, सज्जन गृहस्थ. त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, "आजींचं वय?" काकू शेजारीच बसल्या होत्या. ताईला आकडा सुचेना. मग आई असती तर आज किती वर्षांची असती, हा हिशेब तिच्या मनात आपोआप झाला आणि तोंडातून बाहेर पडला. अडुसष्ट. चिमणी समोरच्या वजनकाट्याकडे बघत राहिली. नंतर कित्येक दिवस ताईला कशापेक्षाही तो आकडा जास्त टोचत राहिला. गेलेल्या आईचं वय तिने असं वापरून टाकलं होतं.

पण टोचणाऱ्या गोष्टीचीही सवय होते. दर आठवड्याला मलमपट्टी व्हायची, डॉक्टर म्हणायचे, "या वयात वेळ लागतो," आणि ताई मान हलवायची.

पहिल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ताई एकटीच सर्जनबाईंच्या खोलीत गेली. त्या उभ्या उभ्याच कसले तरी रिपोर्ट बघत होत्या.

"कातडी लावायची आहे ना, ती माझी घ्या," ताई म्हणाली. "पाठीची, पोटाची, कुठलीही. हिच्या अंगावर आहेच किती? आणि मी सख्खी बहीण आहे."

"सख्खीची चालत नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची कातडी काही दिवस राहते, मग शरीर ती टाकून देतं. यांच्या पोटाची बरी आहे. तिथली घेऊ."

ताई हलली नाही. सर्जनबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"अजून काही?"

"ते वय तिने नाही सांगितलं. मी सांगितलं होतं."

"का?"

ताईने रात्रभर याचं उत्तर तयार केलं होतं. त्यात फिरलेलं स्थळ होतं, जुनं गाव होतं, दोन्ही हातांतलं खोकं होतं.

"लाज वाटली," ती म्हणाली.

सर्जनबाईंनी फाइल उघडली आणि दोन ओळी लिहिल्या. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "इथे नोंद करते, पुढच्या डॉक्टरांची दिशाभूल नको. तेव्हा आला असतात तरी ऑपरेशन चुकलं असतं असं नाही. पण हाडापर्यंत गेलं नसतं." त्यांनी पेनला टोपण लावलं. "रात्री बारानंतर काही खायला देऊ नका म्हटलंय, ते लक्षात ठेवा. पाणीसुद्धा नाही."

ताईला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. दगड होता तिथेच राहिला. फक्त आता तो कागदावरही होता.

ऑपरेशन अडीच तास चाललं. सहायक डॉक्टरांनी बाहेर येऊन छोट्या बाटलीत बारा-पंधरा पांढरे खडे दाखवले. चिमणी शुद्धीवर आल्यावर तिने ती बाटली मागून घेतली, हलवून वाजवून बघितली आणि म्हणाली, "एवढं सगळं घेऊन मी जिना चढत होते. उगीच तू मला हळू म्हणायचीस, ताई."

तीन आठवडे ताईने कचेरी आणि वॉर्ड अशी ये-जा केली. जखमेच्या तळाशी हळूहळू लालसर दाणे दिसू लागले. सर्जनबाईंनी वाकून, चष्मा वर करून बघितलं आणि दुसऱ्या ऑपरेशनचा दिवस ठरवला. पोटावरची वीतभर कातडी, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, काढून टाचेवर बसवली. पाच दिवस पट्टी सोडायची नव्हती आणि पाय हलवायचा नव्हता. चिमणीने तो इतका स्थिर ठेवला की शेजारच्या खाटेवरच्या बाईने एकदा विचारलं, "आजी, पाय खरा आहे ना?"

"अजून तरी," चिमणी म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. ताई या वेळी भिंतीकडे वळली नाही. कातडी गुलाबी पडली होती, खाली धरून बसली होती. एका कडेला नखाएवढा भाग काळा होता. "तेवढं जाईल, भरेल किंवा पुन्हा लावू," सर्जनबाई म्हणाल्या. "पाय राहिला." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

त्याच दिवशी साडेअकराला समोरच्या काकू भेटायला आल्या. चिमणीचा डोळा लागला होता, म्हणून ताई त्यांना बाहेर बाकावर घेऊन आली. काकूंनी पिशवीतून शब्दकोड्यांचं पुस्तक काढलं.

"हे तिला दे. आमच्याकडचं अर्धं सोडवून ठेवलंय तिनं, म्हणून नवीन आणलं. कशी आहे आता?"

"पाय राहिला," ताई म्हणाली. तिने पुस्तक मांडीवर ठेवून त्याच्या कडा सारख्या केल्या. पाच दिवस ती मनाशी म्हणत होती, पाय राहिला तर काकूंना सांगून टाकायचं. आता माघार घ्यायला जागा नव्हती. "काकू, तुम्हाला एक सांगायचंय. ती माझी आई नाही. माझी धाकटी बहीण आहे."

काकू पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी ते सोडवले आणि पुन्हा गुंडाळले.

"हो," त्या म्हणाल्या. "माहीत आहे मला."

तेव्हा ताईच्या लक्षात आलं. तिला दे. तिनं सोडवलंय. कशी आहे. जिन्यात कायम 'आजी कशा आहेत' विचारणाऱ्या काकू आज आल्यापासून एकदाही 'त्यांना' म्हणाल्या नव्हत्या.

"कधीपासून?"

"तुम्ही आलात त्याच महिन्यात. जिन्यात मी तिची पिशवी धरायला गेले, तर म्हणाली, काकू, मी तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, खरं तर तुमची मी धरायला हवी. मला आधी चेष्टा वाटली. मग तिनं सगळं सांगितलं. वर म्हणाली, पण ताईसमोर मला आजीच म्हणायचं. तिला एवढं तरी सोपं जाऊ दे."

"म्हणजे तुम्हाला एकटीला..."

"एकटीला कुठलं? सगळ्या मजल्यांना." काकूंनी ताईकडे न बघता सांगितलं. "पोरांना तर तिनं पढवून ठेवलं होतं. तू कामावर गेलीस की ती सगळी तिला मावशी म्हणतात. तुझी चाहूल लागली की आजी. एक-दोनदा घोटाळाही झाला, तुझं लक्ष नव्हतं."

ताईला आठवलं, ती संध्याकाळी जिना चढायला लागली की वरचे आवाज क्षणभर थांबायचे आणि मग पुन्हा सुरू व्हायचे. तिला वाटायचं, पोरं तिला भितात.

"मी काही तुला हे सांगायला आले नव्हते," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला. "मला वेगळंच बोलायचं होतं. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी वय विचारलं. तू अडुसष्ट म्हणालीस. मी शेजारी बसले होते. मला खरं माहीत होतं. म्हटलं, चारचौघांत हिला कशाला उघडं पाडायचं? नंतर डॉक्टरांना एकटीनं जाऊन सांगता आलं असतं. माझ्या ओळखीचे होते ते. दोन वर्षं झाली, रोज त्या दवाखान्यावरून जाते." त्या थांबल्या. "परवा खालच्या मजल्यावरची तिला भेटून आली, ती सांगत होती, मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, वय कळलं असतं तर लवकर झालं असतं. तेव्हापासून जेवण जात नाही मला."

ताईने काहीतरी बोलायला हवं होतं. तुमचा काय दोष, असं म्हणायला हवं होतं, आणि ते खरंही होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती छोटी खोली उभी राहिली होती. तीन बायका ओळीने बसलेल्या, तिघींना खरं ठाऊक, आणि तिघी गप्प. एकीला स्वतःची लाज वाटत होती. उरलेल्या दोघी तिची लाज सांभाळत होत्या.

काकू उठल्या. जाताना त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो लगेच काढून घेतला, जणू आपल्याला तेवढा हक्क आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

ताई वॉर्डमध्ये परतली तेव्हा चिमणी जागी झाली होती.

"कोण आलं होतं?"

"काकू. पुस्तक दिलंय."

"काय म्हणाल्या?"

"तू कशी आहेस, विचारत होत्या." ताईने पुस्तक उशीजवळ ठेवलं. "तुम्ही कशा आहात, नाही. तू कशी आहेस."

चिमणीने ते ऐकलं. मग तिने चादरीची कड हळूच वर ओढली, हनुवटीपर्यंत, नाकापर्यंत. फक्त डोळे उरले. आठ वर्षांची असताना आईच्या डब्यातली साखर खाताना सापडली होती, तेव्हा तिने असंच केलं होतं.

"शप्पथ घातली होती मी त्यांना," चादरीतून आवाज आला. "तुला कळायला नको होतं गं. सॉरी ताई."

"तू कशाला..." ताई म्हणाली आणि खाटेच्या कडेला बसली. चिमणीचा हात चादरीवर होता, शिरा वर आलेला, वाळक्या काटकीसारखा. आईचा हात शेवटी शेवटी असाच झाला होता. ताईने तो हातात घेतला. कितीतरी वर्षांत घेतला नव्हता. मलमपट्टी केली होती, औषधं दिली होती, जिन्यात दंड धरला होता. हात घेतला नव्हता.

"रडू नकोस," चिमणी म्हणाली. "सगळ्या बघतायत. तुला आवडत नाही ना."

जेवणाची गाडी आली. वॉर्डातल्या मावशींनी ताट काढून खाटेजवळच्या टेबलावर आदळलं. "आजी, उठा. गरम आहे तोवर जेवून घ्या."

"ती आजी नाही," ताई म्हणाली.

मावशी थांबल्या.

"माझी बहीण आहे. धाकटी. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान."

तिला वाटलं होतं त्याहून आवाज मोठा निघाला. आठही खाटांवर चमचे थांबले. शेजारच्या बाईने कोपरावर रेलून आधी चिमणीकडे पाहिलं, मग ताईकडे, मग पुन्हा चिमणीकडे. ताईचे कान तापले, मानेवरून घामाची धार उतरली. कुठेही बघितलं तरी कुणाचे तरी डोळे होते. तिने चिमणीकडे पाहिलं, तर चिमणीही तिच्याकडेच बघत होती, चादर हनुवटीखाली घेऊन.

मावशींना पुढच्या खाटा होत्या. त्यांनी डाव ताटावर आपटला.

"धाकटी आहे, तर मग दटावा की तिला. काल अर्धं ताट परत पाठवलं. आजी म्हणून मी काही बोलले नाही."

"बघ," चिमणी ताईला म्हणाली, "आजी असल्याचा फायदा होता तो." आणि उठून बसण्यासाठी तिने ताईचा खांदा धरला.